धोक्याची माहिती ही मजुराची अमानत

जीव ही अल्लाहने माणसाला दिलेली अमानत आहे, हे आपण जुम्याच्या खुतब्यात नेहमी ऐकतो. मालकी आणि अमानत यांत फरक आहे. मालक आपल्या वस्तूचे हवे ते करू शकतो. अमानतदाराला मात्र ती ज्याची आहे त्याच्यासमोर हिशेब द्यावा लागतो. हा फरक आपल्याला तत्त्वतः मान्य असतो. परंतु कारखान्याच्या दारात, मळणीयंत्राच्या तोंडाशी आणि फवारणीच्या पंपाजवळ त्याचा विसर पडतो. एखाद्या मजुराचा हात यंत्रात गेला, फवारणी करताना कोणी शेतात कोसळला, की चार लोक जमतात, हळहळतात आणि म्हणतात, "अल्लाहची मर्जी. तकदीरमध्ये होते." हे वाक्य श्रद्धेचे आहे यात शंका नाही. पण ते कोणाच्या तोंडून येते यावर त्याचा अर्थ ठरतो. अपंग झालेल्याने ते म्हटले तर तो सब्र आहे. ज्याने त्याला काहीही न सांगता त्या यंत्रावर उभे केले, त्याने ते म्हटले तर त्याला काय म्हणावे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या बुलडाणा जिल्ह्याला परका नाही. खामगावला जलंबहून रेल्वेचा फाटा १८७० मध्ये आला, तो कापसासाठी. सरकी वेगळी करणे आणि रुईच्या गाठी बांधणे हा या भागातील कितीतरी घरांच्या चुलीचा आधार राहिला आहे. आज खामगाव, मलकापूर, चिखली येथे औद्योगिक वसाहती आहेत. श्रावण-भाद्रपदात कपाशीवर फवारणी चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावोगाव सोयाबीनच्या सुड्या लागतात आणि मळणीयंत्रे रात्री उशिरापर्यंत चालतात. या सर्व कामांत आपले बांधव आहेत. कोणी जिनिंगवर हमाल आहे, कोणी वेल्डर, कोणी गॅरेजमध्ये मिस्त्री, कोणी भंगाराच्या दुकानात ड्रम कापणारा. तर कोणी स्वतःच मळणीयंत्राचा, गॅरेजचा किंवा दुकानाचा मालक आहे. म्हणजे आपण मजुरांच्या बाजूलाही आहोत आणि मालकांच्या बाजूलाही. म्हणून पुढील विचार दोघांनीही आपल्यासाठीच आहे असे समजून वाचावा.

धोका नेमका कसा असतो

मळणीयंत्राचे उदाहरण घेऊ. आतला ढोल मिनिटाला शेकडो फेरे घेतो. पेंढी ढोलाने ओढली की ती सोडून देण्यास माणसाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत हात ढोलापर्यंत पोहोचलेला असतो. म्हणून भारतीय मानकानुसार पीक आत सोडण्याची पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब आणि तिचा ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा लागतो. लांब हाताच्या माणसाची बोटेही ढोलाला लागू नयेत, हा त्यामागील हेतू. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला, तोही मळणीयंत्रे डोळ्यांसमोर ठेवून. परंतु पन्हळ आखूड केली, झाकण काढले की पीक भराभर आत जाते, आणि मळणीचे पैसे पोत्यामागे मिळतात. झाकण का काढले जाते हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

विषारी पदार्थांचेही असेच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर राज्य शासनाने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम आणि आपला बुलडाणा या पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घातली. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. पाठीवर पंप घेणाऱ्या किती मजुरांना तो त्रिकोण कोणी समजावून सांगितला असेल? कपाशी डोक्याएवढी वाढलेली असताना वाऱ्याच्या विरुद्ध फवारले तर विष श्वासातून आणि भिजलेल्या कपड्यांतून त्वचेवाटे शरीरात जाते, हे किती जणांना माहीत असेल? १९७१ च्या कीटकनाशक नियमांतील ४२ व्या नियमात उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणारे यांनी कामगारांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावे असे म्हटलेले आहे. यवतमाळची घटना घडली तेव्हा हा नियम ४६ वर्षांचा झाला होता. शेताच्या बांधापर्यंत मात्र तो पोहोचला नव्हता.

तकदीर आणि तदबीर

तकदीरवर ईमान हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे. परंतु या ईमानाचा अर्थ सहाबांना कसा कळला होता, हे पाहावे. हजरत उमर (रजि.) शामच्या प्रवासात सर्ग या ठिकाणी पोहोचले असता पुढे साथ पसरल्याची बातमी आली. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंटांचा मालक त्यांना कोणत्याही बाजूला चारो, ते अल्लाहच्या तकदीरनेच चरतील. पण शहाणा मालक हिरवी बाजू निवडतो.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या या प्रसंगाचा शेवट आपण सहसा सांगत नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) काही कामासाठी बाहेर गेले होते. परत आल्यावर त्यांनी सांगितले की याविषयी आपल्याजवळ ज्ञान आहे: साथीच्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असू तेथे साथ आली तर पळून जाऊ नये, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपण स्वतः ऐकली आहे. ज्याच्याजवळ धोक्याविषयी ज्ञान होते त्याने ते लगेच सर्वांसमोर ठेवले. तकदीरची चर्चा तेथे संपली आणि काफिला परतला.

काही तरुणांना हेल्मेट, हातमोजे, मुखपट्टी ही भित्रेपणाची किंवा कमकुवत तवक्कुलची खूण वाटते. त्यांनी लक्षात घ्यावे की उहुदच्या दिवशी प्रेषित (सल्ल.) यांनी एकावर एक अशी दोन चिलखते घातली होती, असे हदीसमध्ये आले आहे. त्यांच्याहून अधिक तवक्कुल कोणाचे असणार? सूरह अल-अंबियाच्या ८० व्या आयतीत हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखत बनवण्याची कला अल्लाहने शिकवली आणि ती माणसांच्या बचावासाठी होती, असे सांगून त्याबद्दल कृतज्ञ होण्याचे आवाहन केले आहे. शरीराचे रक्षण करणारी वस्तू ही अल्लाहची देणगी आणि ती घडवण्याचे ज्ञान ही त्याची शिकवण, असा याचा अर्थ होतो. तिरमिजीतील हदीसमध्ये उंट बांधून मग तवक्कुल करावे असे सांगितले आहे. यंत्रावरची जाळी बसवणे हे आजचे उंट बांधणे आहे.

लपवलेला ओलावा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धोक्याची माहिती देणे ही मेहेरबानी की हक्क?

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित (सल्ल.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारून, जो फसवतो तो आपल्यातील नाही असा कठोर इशारा प्रेषितांनी दिला. येथे अपराध पावसाचा नव्हता. धान्य भिजणे ही तकदीर होती. ओल खाली दडवणे हे विक्रेत्याचे कर्म होते.

फिकहमध्ये मजुरीच्या कराराला इजारा म्हणतात, आणि फकीह त्याला एका अर्थी खरेदी-विक्रीच मानतात. मजूर आपले श्रम विकतो, मालक ते विकत घेतो. या करारात काम काय आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असणे आवश्यक आहे. अज्ञात राहिल्याने वाद आणि नुकसान उद्भवेल अशी गोष्ट करारात ठेवता येत नाही. मग ज्या कामात बोटे जाऊ शकतात, फुप्फुसे खराब होऊ शकतात, त्या कामातील हा धोका सांगितला नाही, तर तो राशीच्या पोटातील ओलावाच नव्हे काय? येथे लपवणारा खरेदीदार आहे, एवढाच फरक. आपल्या बाजार समित्यांत सोयाबीनचा ओलावा यंत्राने मोजतात आणि तो १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव पडतो. दाण्यातील ओलीचा हिशेब एवढ्या काटेकोरपणे ठेवणाऱ्या समाजाने ते सोयाबीन ज्या यंत्रातून निघाले त्याचे झाकण जागेवर होते की नाही, हेही विचारले पाहिजे.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: "तो राजीखुशीने आला होता. जबरदस्ती कोणी केली?" हे उत्तर दोन ठिकाणी तोकडे पडते. पहिले असे की ज्याला धोका माहीतच नाही त्याने धोक्याला संमती दिली, असे म्हणता येत नाही. त्याने मजुरीला संमती दिली. दुसरे असे की धोका माहीत असूनही तो गरजेपोटी तयार झाला, तरी आपला जीव स्वस्तात देण्याचा अधिकार त्याला मुळातच नाही. सूरह अन-निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्यास आणि सूरह अल-बकराच्या १९५ व्या आयतीत आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई आहे. जे त्याचे नाही ते तो देऊ शकत नाही, आणि मालक ते घेऊ शकत नाही.

देशाचा कायदा या तत्त्वापर्यंत फार मोठी किंमत मोजून पोहोचला. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. भिंतीपलीकडे काय साठवले आहे आणि ते सुटले तर काय करावे, हे आसपासच्या गरीब वस्त्यांना माहीत नव्हते. हजारो माणसे त्यात गेली. त्यानंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला आपल्या सुरक्षिततेविषयी माहिती मिळवण्याचा, प्रशिक्षण घेण्याचा आणि धोका दिसताच तो कळवण्याचा हक्क मिळाला. कायद्यांची नावे आणि कलमे बदलत राहतील. धोक्याची माहिती ही ज्याच्या जिवाला धोका आहे त्याची वस्तू आहे, हे तत्त्व मात्र बदलणार नाही. सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवण्याची आज्ञा आहे. माझ्या मते ही माहितीही अशा अमानतींपैकीच एक आहे.

जबाबदारीची सीमारेषा

येथे एखादा अभ्यासू वाचक आक्षेप घेईल. विहिरीत किंवा खाणीत झालेल्या हानीची भरपाई नाही, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. मग मालकाला जबाबदार कसे धरावे? आक्षेप रास्त आहे. परंतु फकीहांनी या हदीसचा अर्थ असा लावला आहे की ज्याने आपल्या जागेत, कोणतीही मर्यादा न ओलांडता विहीर किंवा खाण खणली, त्याच्यावर अपघाताचा बोजा येत नाही. ज्याने मर्यादा ओलांडली, त्याला ही सूट नाही. हनफी ग्रंथांत याचे प्रसिद्ध उदाहरण आहे: सार्वजनिक रस्त्यात परवानगीशिवाय विहीर खणली आणि तीत पडून कोणी मेला, तर खणणाऱ्याच्या बाजूने दियत द्यावी लागते. पण एखाद्याने जाणूनबुजून स्वतःच उडी घेतली, तर खणणारा मुक्त होतो.

या उदाहरणात आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. पडणारा आणि उडी घेणारा यांच्यात फरक फक्त जाणण्याचा आहे. विहीर तीच, मृत्यू तोच. एकाला माहीत नव्हते, दुसऱ्याला माहीत होते. म्हणून शिकवणे ही मालक आणि मजूर यांच्या जबाबदाऱ्यांमधील सीमारेषा आहे. मालकाने धोका समजावून सांगितला, यंत्र सुरक्षित ठेवले, साधने दिली, आणि तरीही मजुराने हट्टाने जाळी काढून हात घातला, तर त्याचा जाब मजुराला द्यावा लागेल. यांपैकी काहीच न करता त्याला कामावर लावले, तर माहीत असलेला धोका लपवणे हेच मर्यादा ओलांडणे ठरते, असे मला वाटते. प्रत्यक्ष प्रकरणात दियत किंवा भरपाई किती, हे मुफ्ती आणि न्यायालय ठरवतील. आखिरतच्या हिशेबासाठी मात्र त्यांच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

शिकवणे म्हणजे काय

प्रेषित (सल्ल.) यांनी आपल्या काळातील धोकादायक अवजारांविषयी बारीकसारीक गोष्टी शिकवल्या. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही. उपसलेली तलवार एकमेकांच्या हाती देऊ नये. ही शिकवण तत्त्वापुरती थांबत नाही. कोणते अवजार, कोठे, कसे धरावे इथपर्यंत ती जाते. अबू दाऊदमधील एका हदीसनुसार वैद्यकीचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो झालेल्या हानीस जबाबदार ठरतो. अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. अज्ञान असताना काम हाती घेणे हाच दोष.

म्हणून "जपून काम कर" एवढे म्हणणे म्हणजे शिकवणे नव्हे. भंगाराच्या दुकानातील पोराला सांगावे लागेल की रसायनाचा रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षाही घातक ठरू शकतो, कारण तळाशी उरलेल्या थेंबांची वाफ आत कोंडलेली असते आणि कटरच्या ठिणगीने ती भडकते. विहिरीत किंवा टाकीत उतरणाऱ्याला सांगावे लागेल की आत साचलेला वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि बेशुद्ध पडलेल्याला वाचवण्यासाठी मागोमाग उडी घेणारा दुसराही तसाच जातो. मळणीवरील मजुरांना सांगावे लागेल की मोकळी ओढणी, पदर, गमछा, सैल बाही फिरत्या पट्ट्याजवळ नको. विषारी वायूच्या कामावर चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही आणि फटीतून हवा आत येते, हे आपल्या दाढीधारी बांधवांना कळले पाहिजे. डोके पूर्ण झाकून आत स्वच्छ हवा सोडणारे टोप असतात. त्यांनी ते मागावेत, आणि ते मिळेपर्यंत तेथे काम करू नये. हे सर्व मजुराला कळणाऱ्या भाषेत, यंत्र बंद ठेवून, हाताने करून दाखवून आणि त्याच्याकडून करवून घेऊन सांगितले, तर ते प्रशिक्षण. त्या वेळेची मजुरीही द्यावी. आपल्या हाताखालील माणसे ही आपली भावंडे आहेत, त्यांच्यावर झेपणार नाही असा भार टाकू नये आणि टाकला तर स्वतः मदत करावी, ही बुखारीतील हदीस मालकाने कामाच्या जागी आठवावी.

सही ही शहादत आहे

४ मार्चला देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. फलक लागतात, शपथ घेतली जाते, नोंदवहीत सह्या होतात. प्रशिक्षण खरोखर झाले असेल तर उत्तमच. परंतु प्रशिक्षण न देता मजुराची सही किंवा अंगठा घेणे ही पुष्कळ ठिकाणी साधी बाब समजली जाते. ठेकेदार म्हणतो, "नुसती सही कर", मजूर करतो, देखरेख करणारा खाली आपली सही करतो. कोणालाही त्यात पाप वाटत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, ही सही म्हणजे शहादत आहे. "मला धोका समजावून सांगण्यात आला," अशी साक्ष तो कागद देतो. खोटी साक्ष ही मोठ्या गुनाहांपैकी आहे हे सांगताना टेकून बसलेले प्रेषित (सल्ल.) सरळ उठून बसले आणि ते वारंवार सांगत राहिले, असे हजरत अबू बक्रा (रजि.) यांनी वर्णन केले आहे. मजूर गरजेपोटी सही करतो, म्हणून त्याचा दोष कदाचित हलका असेल. जो त्याच्याकडून ती करवून घेतो, त्याचा दोष मात्र दुहेरी आहे. त्याने माहिती दडवली, आणि उद्या अपघात झाला तर ज्याचा हात गेला त्याच्याविरुद्ध त्याच हाताची सही पुरावा म्हणून वापरण्याची सोय करून ठेवली.

आपल्या घरातील तरुण कामावर जातात. आई-वडिलांनी त्यांना विचारावे: तुला काय शिकवले, कोणी शिकवले, कशावर सही केलीस? मळणीचा हंगाम आणि फवारणीचे दिवस सुरू होण्यापूर्वी मशिदीच्या समितीने कृषी सहायक किंवा जाणत्या मिस्त्रीला बोलावून तासभर माहिती द्यावी. इमामांनी त्या जुम्याला याच विषयावर बोलावे. आपल्यापैकी जे मालक आहेत त्यांनी आज जाऊन आपल्या यंत्राचे झाकण पाहावे. नसेल तर बसवावे, आणि ते बसेपर्यंत यंत्र बंद ठेवावे. चार पोती कमी निघतील. सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतीत एक जीव वाचवणे हे साऱ्या मानवजातीला वाचवण्यासारखे म्हटले आहे. त्या तुलनेत चार पोत्यांचे नुकसान किती?

अल्लाह आपल्या सर्वांना, मालकांना आणि मजुरांना, एकमेकांच्या जिवाची अमानत सांभाळण्याची बुद्धी देवो, कामावर गेलेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी परत आणो, आणि कियामतच्या दिवशी कोणाचा तुटलेला हात आपल्याविरुद्ध साक्षीला उभा राहू नये, याची तौफीक देवो. आमीन.